माराकाना क्रीडागार

ब्राझीलमधील रीओ दे जानेरो शहराच्या उत्तर भागात असलेले जगप्रसिद्ध फुटबॉल क्रीडागार. त्याचे अधिकृत नाव ‘पत्रकार मारिओ फील्यू क्रीडागार’ असे आहे. तथापि जवळून वाहणाऱ्या लहानशा नदीच्या नावावरून ते माराकाना याच नावाने सर्वत्र ओळखले जाते. माराकाना हा तूपी या आदिवासी भाषेतील शब्द असून तो पोपटाच्या कुळातील एका पक्ष्याचा वाचक आहे. १९५० च्या विश्वचषक स्पर्धेसाठी बांधलेले हे क्रीडागार त्यानंतर दीर्घकाळ जगातील सर्वांत मोठे फुटबॉल क्रीडागार म्हणून गणले जाई. १९५० व २०१४ या दोन विश्वचषक स्पर्धांचे निर्णायक सामने, तसेच २०१६ च्या ऑलिंपिक क्रीडासामन्यांचे उद्‌घाटन व समारोप येथे झाले. उभारणीच्या काळी सु. दोन लाख प्रेक्षकांना सामावून घेणाऱ्या या वास्तूत सांप्रत ७९ हजारांहून कमी प्रेक्षक बसू शकतात. शहरातील सर्व थरांतील लोकांना एकत्र आणणारी सार्वजनिक वास्तू, ही या क्रीडागारामागील मूळ कल्पना होती. ती कल्पना कशी साकार झाली व पुढे कशी आकुंचित होत गेली, याचा इतिहास या घटत्या प्रेक्षकसंख्येत सामावलेला आहे.

पार्श्वभूमी : ब्राझीलमध्ये फुटबॉलचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. प्रारंभी हा खेळ शहरांतील श्रीमंत, गौरवर्णीय कुटुंबांच्या मंडळांपुरता मर्यादित होता. १९२३ मध्ये रीओच्या व्हास्को द गामा या मंडळाने कृष्णवर्णीय व श्रमिक खेळाडूंचा संघ उतरवून शहराचे अजिंक्यपद मिळविले. त्यावर इतर मोठ्या मंडळांनी १९२४ मध्ये वेगळी संघटना स्थापून अशा बारा खेळाडूंना वगळण्याची अट घातली. व्हास्कोने ती नाकारली. १९३० नंतरच्या दशकात व्यावसायिक फुटबॉलला मान्यता मिळाली आणि सर्व वर्णांचे व वर्गांचे खेळाडू मोठ्या संघांतून खेळू लागले. या स्थित्यंतराचा इतिहास पत्रकार मारिओ फील्यू (१९०८–६६) यांनी ब्राझीलच्या फुटबॉलमधील कृष्णवर्णीयांविषयीच्या आपल्या १९४७ च्या ग्रंथात लिहिला. माराकाना क्रीडागाराच्या उभारणीसाठी लोकमत तयार करण्याचे श्रेयही मुख्यत्वे त्यांनाच दिले जाते.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ व १९४६ च्या विश्वचषक स्पर्धा होऊ शकल्या नाहीत. १९४६ मध्ये लक्सेंबर्ग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या अधिवेशनात पुढील स्पर्धेचे यजमानपद ब्राझीलला देण्यात आले. रीओ दे जानेरो ही त्या वेळी देशाची राजधानी होती. परंतु तेथील सर्वांत मोठे क्रीडागार म्हणजे व्हास्को मंडळाने १९२७ मध्ये बांधलेले खाजगी मैदान होते. साऊँ पाउलू शहरात १९४० पासून पाकाएंबू हे मोठे सार्वजनिक क्रीडागार असल्यामुळे राजधानीला ही उणीव अधिकच जाणवत होती.

नव्या क्रीडागाराच्या प्रश्नावर रीओच्या नगरसभेत व वृत्तपत्रांत मोठा वाद झाला. एवढा सार्वजनिक पैसा रुग्णालये व शाळा यांवर खर्च व्हावा, असे विरोधकांचे म्हणणे होते. नगरसभेचे सदस्य कार्लुस लासेर्दा यांनी शहराच्या मध्यवर्ती जागेला विरोध करून दूरच्या जाकारेपागुआ या भागाचा आग्रह धरला. याउलट मारिओ फील्यू यांनी आपल्या क्रीडाविषयक दैनिकातून मध्यवर्ती जागेचा सातत्याने पाठपुरावा केला. कामकरी वर्गाला रेल्वेने व ट्रामने सहज पोहोचता येईल अशीच जागा हवी, असा त्या आग्रहाचा मथितार्थ होता. नगरसभेचे सदस्य व ख्यातनाम संगीतकार आरी बारोझू यांनीही त्यांना पाठिंबा दिला. अखेर महापौर आंजेलू मेंदेस दे मोराइस यांच्या कारकीर्दीत उपनगरी रेल्वेमार्गालगतचे घोड्यांच्या शर्यतींचे जुने मैदान मुक्रर करण्यात आले. खर्चाचा काही भाग उभारण्यासाठी क्रीडागारातील काही आसनांचे कायमचे हक्क नागरिकांना विकण्यात आले.

बांधणी व रचना : २० जानेवारी १९४८ रोजी कोनशिला बसविण्यात आली व त्याच वर्षी २ ऑगस्ट रोजी प्रत्यक्ष बांधकामास आरंभ झाला. आराखड्यासाठी झालेल्या स्पर्धेत ऑस्कर नीमाइअर या पुढे जगद्विख्यात झालेल्या वास्तुशिल्पज्ञांनीही भाग घेतला होता. परंतु वाल्दीर रामुस, राफाएल गाल्व्हाऊँ, मिगेल फेल्डमन प्रभृतींच्या गटाचा आराखडा स्वीकारण्यात आला. सुरुवातीस सु. दीड हजार व अखेरच्या महिन्यांत सु. साडेतीन हजार कामगार या कामावर होते. दोन वर्षांपेक्षा कमी अवधीत, १६ जून १९५० रोजी, रीओ व साऊँ पाउलू यांच्या निवडक संघांतील सामन्याने क्रीडागाराचे उद्‌घाटन झाले. या मैदानावरील पहिला गोल रीओच्या दीदी या खेळाडूने केला; सामना मात्र साऊँ पाउलूने ३–१ असा जिंकला. त्या वेळी बांधकाम अपुरेच होते व ते सर्वार्थाने १९६५ मध्ये पूर्ण झाले.

मूळ वास्तू लंबवर्तुळाकार असून तिची लांबी सु. ३१७ मी., रुंदी सु. २७९ मी. व उंची सु. ३२ मी. होती. संपूर्ण बांधणी प्रबलित (पोलादी सळया घालून बळकट केलेल्या) काँक्रीटची होती. प्रेक्षकांच्या जागेवर आतील बाजूस झेपावणारे काँक्रीटचे छत हे तिचे प्रमुख वास्तुवैशिष्ट्य होय. या छताला केवळ मागील बाजूस आधार असल्यामुळे प्रेक्षकांच्या दृष्टीआड येणारा एकही खांब समोर नव्हता. रुंद उतरंडींवरून प्रेक्षकांचे लोंढे वरच्या मजल्यावर जात. मैदान व प्रेक्षक यांच्यामध्ये संरक्षणासाठी खंदक होता.

प्रेक्षकांची विभागणी तीन स्तरांत केलेली होती. वरच्या मजल्यावर काँक्रीटच्या पायऱ्यांची विस्तीर्ण बैठक होती. तिच्याखाली स्वतंत्र खुर्च्यांचा, तुलनेने महाग असा विभाग होता. सर्वांत खाली, मैदानाच्या जवळजवळ पातळीवर, क्रीडागारास वेढणारी ‘जेराल’ (सर्वसाधारण) नावाची उभे राहण्याची जागा होती. तेथे सु. तीस हजार प्रेक्षक मावत. जेरालमधून मैदानाचे दृश्य सर्वांत वाईट दिसे. खेळाडूंच्या पायांपलीकडचा खेळ नजरेस पडत नसे आणि पावसापासूनही बचाव होत नसे. परंतु तेथील तिकीट अत्यंत स्वस्त असल्यामुळे मजूर, फेरीवाले, घरकामगार व मुले यांना देशातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंचा खेळ प्रत्यक्ष पाहता येई. येथील प्रेक्षकांना रीओच्या बोलीत ‘जेराल्दीनू’ असे स्वतंत्र नाव पडले. या विभागणीत समाजातील विषमतेचे प्रतिबिंब होतेच. तथापि त्या विषमतेतही प्रत्येकास आत येण्याचा मार्ग मोकळा होता.

१९५० चा निर्णायक सामना : विश्वचषक स्पर्धेचा पहिला सामना २४ जून १९५० रोजी येथे झाला व त्यात ब्राझीलने मेक्सिकोचा ४–० असा पराभव केला. (या स्पर्धेस भारतही पात्र ठरला होता, परंतु भारताने आपला संघ पाठविला नाही.) या स्पर्धेत अंतिम सामन्याची योजना नव्हती, गटविजेत्या चार संघांनी साखळी पद्धतीने खेळून विजेता ठरावयाचा होता. ब्राझीलने स्वीडनला ७–१ व स्पेनला ६–१ असे हरविले, तर यूरग्वायने स्पेनशी २–२ अशी बरोबरी करून स्वीडनवर ३–२ असा निसटता विजय मिळविला. त्यामुळे १६ जुलैच्या अखेरच्या सामन्यात ब्राझीलला अजिंक्यपदासाठी केवळ बरोबरी पुरेशी होती. काही वृत्तपत्रांनी ब्राझीलचा जगज्जेता म्हणून आधीच गौरव केला होता आणि महापौरांनीही सामन्यापूर्वीच्या भाषणात खेळाडूंना विजेते म्हणूनच संबोधिले.

या सामन्याची अधिकृत तिकीटविक्री १,७३,८५० इतकी नोंदली आहे; विनातिकीट व निमंत्रित प्रेक्षक धरून उपस्थिती दोन लाखांच्या घरात होती. १९५० च्या जनगणनेनुसार रीओची लोकसंख्या सु. २३·८ लाख होती, म्हणजे शहरातील लोकसंख्येच्या सु. एक-बारांश इतके लोक त्या दिवशी या वास्तूत होते. मध्यंतरानंतर लगेच फ्रियासाने ब्राझीलतर्फे गोल केला. ६६ व्या मिनिटास हुआन स्क्याफिनोने बरोबरी साधली आणि ७९ व्या मिनिटास आल्सीदेस गिज्याने उजव्या बगलेकडून पुढे येऊन गोलरक्षक व जवळचा खांब यांमधील अरुंद जागेतून यूरग्वायचा दुसरा गोल केला. सामना यूरग्वायने २–१ असा जिंकला. त्यानंतर क्रीडागारात पसरलेल्या शांततेचे वर्णन उपस्थितांपैकी अनेकांनी केले आहे. ठरलेला समारंभ होऊ शकला नाही. महासंघाचे अध्यक्ष झ्यूल रीमे यांनी मैदानावरील गर्दीतच यूरग्वायचा कर्णधार ओब्दुलिओ व्हारेला याच्या हाती चषक दिला. या घटनेस स्पॅनिश भाषेत ‘माराकानासो’ (माराकानाचा आघात) म्हणतात.

या पराभवाचे परिणाम खेळापुरते राहिले नाहीत. दोषाचे खापर मुख्यत्वे गोलरक्षक बार्बोझा आणि बिगोदी व जुव्हेनाल या संरक्षक खेळाडूंवर फोडण्यात आले. हे तिघेही कृष्णवर्णीय होते. त्यातून उफाळलेल्या वर्णद्वेषाचा परामर्श मारिओ फील्यू यांनी आपल्या ग्रंथाच्या १९६४ च्या आवृत्तीत घेतला. बार्बोझा त्या काळातील उत्कृष्ट गोलरक्षकांपैकी एक होता. परंतु २००० मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्या एका गोलासाठीच ओळखला गेला. राष्ट्रीय संघाचा पांढरा पोशाखही अपशकुनी ठरला. १९५३ मध्ये एका दैनिकाने घेतलेल्या स्पर्धेतून आल्दीर गार्सीया श्ले या तरुण चित्रकाराने केलेला, राष्ट्रध्वजातील रंगांचा पोशाख निवडण्यात आला. पिवळा सदरा व निळी विजार हा ब्राझीलचा पुढे सर्वपरिचित झालेला पोशाख १९५४ पासून रूढ झाला.

वैभवाचा काळ : १९५० ते १९९० या चार दशकांत माराकाना हे ब्राझीलच्या फुटबॉलचे केंद्र होते. फ्लामेंगू, फ्लुमिनेन्से, व्हास्को द गामा व बोटाफोगू या रीओच्या चारही प्रमुख मंडळांचे महत्त्वाचे सामने येथे होत. १५ डिसेंबर १९६३ रोजी फ्लामेंगू व फ्लुमिनेन्से यांच्यातील सामन्यास १,७७,०२० तिकिटे विकली गेली. मंडळांमधील सामन्यांतील सर्वाधिक उपस्थितींमध्ये तिची गणना होते. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी ब्राझील व पॅराग्वाय यांच्यातील विश्वचषक पात्रता सामन्यास १,८३,३४१ प्रेक्षकांनी तिकिटे काढली होती. १९६६ मध्ये मारिओ फील्यू यांच्या निधनानंतर क्रीडागारास त्यांचे नाव देण्यात आले.

पेलेच्या कारकीर्दीतील अनेक प्रसंग या मैदानाशी निगडित आहेत. राष्ट्रीय संघातर्फे त्याचा पहिला गोल ७ जुलै १९५७ रोजी अर्जेंटिनाविरुद्ध येथेच झाला. साऊँ पाउलू राज्यातील सांतुस मंडळाकडून खेळत असतानाही १९६३ मध्ये मिलानविरुद्धच्या आंतरखंडीय अजिंक्यपदाचे दोन सामने त्याच्या मंडळाने माराकानावरच खेळविले. १९ नोव्हेंबर १९६९ रोजी व्हास्कोविरुद्ध पेनल्टीवर त्याने आपला हजारावा गोल नोंदविला आणि १८ जुलै १९७१ रोजी यूगोस्लाव्हियाविरुद्ध येथेच राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. गारिंशा हा दुसरा लोकप्रिय खेळाडू विपन्नावस्थेत जानेवारी १९८३ मध्ये मरण पावला, तेव्हा त्याचे पार्थिव लोकांच्या अंत्यदर्शनासाठी याच क्रीडागारात ठेवण्यात आले होते. या मैदानावर सर्वाधिक गोल करणारा खेळाडू फ्लामेंगूचा झीको असून त्याच्या येथील गोलांची संख्या तीनशेहून अधिक आहे.

फुटबॉलखेरीज इतर प्रसंगीही या विस्तीर्ण वास्तूचा उपयोग होत आला. २६ जानेवारी १९८० रोजी फ्रँक सिनात्रा यांच्या गायनास सु. पावणेदोन लाख श्रोते उपस्थित होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८० व १९९७ मध्ये येथे भाविकांना दर्शन दिले. २६ जुलै १९८३ रोजी ब्राझील व सोव्हिएट रशिया यांच्यातील व्हॉलीबॉलचा सामना मैदानावर फलाट टाकून खेळविण्यात आला व तो ९५ हजारांहून अधिक लोकांनी पाहिला. शेजारीच १९५४ मध्ये माराकानाझीन्यू (छोटे माराकाना) हे बंदिस्त क्रीडागृह बांधण्यात आले. पुढे जलतरण तलाव व मैदानी खेळांसाठी धावपट्टी यांची भर पडून तेथे क्रीडासंकुल निर्माण झाले.

ऱ्हास व पुनर्रचना : देखभालीची हेळसांड आणि काँक्रीटचे वाढते वय यांमुळे १९८० नंतर वास्तूची स्थिती खालावत गेली. १९ जुलै १९९२ रोजी बोटाफोगू व फ्लामेंगू यांच्यातील राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापूर्वी वरच्या मजल्यावरील कठड्याचा एक भाग कोसळून प्रेक्षक खाली पडले. त्यात तिघे मृत्युमुखी पडले व अनेक जखमी झाले. या अपघातानंतर प्रेक्षकसंख्येवर कडक मर्यादा घालणे अपरिहार्य झाले. जगभर याच सुमारास मोठ्या फुटबॉल सामन्यांसाठी प्रत्येक प्रेक्षकास स्वतंत्र आसन असावे, असा नियम रूढ होत होता. जानेवारी २००० मध्ये झालेल्या मंडळांच्या पहिल्या विश्व-अजिंक्यपद स्पर्धेसाठी वरच्या मजल्यावर आसने बसविण्यात आली व क्षमता सु. एक लाखावर आली. राष्ट्रीय वारसा म्हणूनही याच सुमारास या वास्तूस संरक्षण मिळाले.

दुसरा मोठा बदल २००७ च्या अखिल अमेरिकी क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने झाला. २००५ मध्ये जेराल विभाग कायमचा बंद करण्यात आला. मैदानाची पातळी खाली नेऊन तेथे आसनांच्या रांगा बसविण्यात आल्या. त्यामुळे प्रेक्षकांची सुरक्षितता व सोय निश्चितच वाढली. परंतु सर्वांत स्वस्त तिकिटाची जागा नाहीशी झाली आणि पाच दशके तेथे येणाऱ्या वर्गासाठी दुसरी कोणतीही तरतूद झाली नाही.

२०१४ च्या विश्वचषकासाठी सप्टेंबर २०१० मध्ये क्रीडागार बंद करून त्याची जवळजवळ संपूर्ण पुनर्रचना करण्यात आली. बाहेरील दर्शनी भाग राखून आतील खालचा मजला पाडण्यात आला व अधिक उताराची नवी आसनव्यवस्था करण्यात आली. तपासणीत काँक्रीटचे मूळ छत गंजामुळे दुर्बल झाल्याचे आढळले, म्हणून तेही उतरविण्यात आले. वास्तू संरक्षित असल्यामुळे या निर्णयावर बरीच टीका झाली. नवे छत चाकाच्या आऱ्यांप्रमाणे ताणलेल्या पोलादी दोरांवर आधारलेले असून त्यावर काचतंतूंच्या कापडाचे हलके आवरण आहे. ते बहुतेक सर्व आसनांवर सावली धरते. मैदानाचे माप १०५ × ६८ मी. करण्यात आले व क्षमता ७८,८३८ निश्चित झाली. या कामाचा खर्च एक अब्ज रेआल (ब्राझीलचे चलन) या रकमेहून अधिक झाला.

हा खर्च वादाचा विषय ठरला. मार्च २०१३ मध्ये शेजारच्या जुन्या संग्रहालयाच्या इमारतीत राहणाऱ्या आदिवासींना पोलिसांनी बाहेर काढले. १९५३ मध्ये दार्सी रिबेरू या मानवशास्त्रज्ञांनी आदिवासी संस्कृतीच्या संग्रहालयाची स्थापना केली होती व पुढे ते याच इमारतीत होते. जून २०१३ मध्ये देशभर झालेल्या प्रचंड निदर्शनांत शाळा व रुग्णालयांऐवजी क्रीडागारांवर होणाऱ्या खर्चाचा प्रश्न पुन्हा मांडला गेला. पासष्ट वर्षांपूर्वी रीओच्या नगरसभेत झालेल्या वादाचाच तो पुनरुच्चार होता. संकुलातील जलतरण तलाव व धावपट्टी पाडण्याची योजना त्यानंतर मागे घेण्यात आली. राज्याच्या मालकीच्या या क्रीडागाराचे व्यवस्थापन २०१३ मध्ये ३५ वर्षांच्या कराराने खाजगी उद्योगसमूहाकडे सोपविण्यात आले. पुढे बांधकामांच्या कंत्राटांतील लाचखोरीच्या प्रकरणी राज्याचे माजी राज्यपाल सेर्जू काब्राल यांना नोव्हेंबर २०१६ मध्ये अटक झाली व नंतर शिक्षाही झाली.

अलीकडील काळ : ३० जून २०१३ रोजी ब्राझीलने स्पेनला ३–० असे हरवून महासंघ चषक येथे जिंकला. १३ जुलै २०१४ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीने अर्जेंटिनाचा १–० असा पराभव केला. ब्राझीलचा संघ बेलू ओरिझाँती येथील उपांत्य सामन्यात जर्मनीकडून ७–१ असा पराभूत झाल्याने यजमानांना त्या स्पर्धेत माराकानावर एकही सामना खेळता आला नाही. २० ऑगस्ट २०१६ रोजी मात्र ब्राझीलने जर्मनीस पेनल्टींवर हरवून ऑलिंपिकमधील फुटबॉलचे पहिले सुवर्णपदक येथेच मिळविले.

ऑलिंपिकनंतर व्यवस्थापनाच्या जबाबदारीवरून वाद होऊन क्रीडागार काही महिने बेवारस स्थितीत राहिले. २०१७ च्या आरंभी मैदानावरील हिरवळ वाळली होती, वीजपुरवठा तोडण्यात आला होता आणि आसने व इतर साहित्य चोरीस गेले होते. २०१९ पासून फ्लामेंगू व फ्लुमिनेन्से ही मंडळे त्याची व्यवस्था पाहू लागली व २०२४ मध्ये त्यांना वीस वर्षांचा करार मिळाला. २०१९ च्या दक्षिण अमेरिकी चषकाचा (कोपा अमेरिका) अंतिम सामना ब्राझीलने, तर २०२१ चा अर्जेंटिनाने येथे जिंकला. ४ नोव्हेंबर २०२३ रोजी फ्लुमिनेन्सेने बोका जून्यर्सला हरवून दक्षिण अमेरिकेतील मंडळांचे अजिंक्यपद (लिबर्तादोरेस चषक) प्रथमच मिळविले. करोना विषाणूच्या साथीत २०२० मध्ये क्रीडासंकुलाच्या आवारात तात्पुरते रुग्णालय उभारण्यात आले होते.

२०२१ मध्ये राज्य विधिमंडळाने क्रीडागारास पेलेचे नाव देण्याचा ठराव केला. मारिओ फील्यू यांचे नाव पुसले जाऊ नये, अशी भूमिका त्यांचे कुटुंबीय व अनेक पत्रकार यांनी घेतली आणि राज्यपालांनी ठराव नामंजूर केला. क्रीडागारावर अशा रीतीने आजही त्या पत्रकाराचेच नाव आहे. त्याने कल्पिलेल्या वास्तूचा बाह्याकार कायम आहे, तिची मध्यवर्ती जागा व रेल्वेमार्गही तेच आहेत. प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची व्यवस्था पूर्वीपेक्षा पुष्कळच चांगली आहे. मात्र जेरालमध्ये उभ्याने सामना पाहणाऱ्या वर्गाला पुन्हा स्थान मिळवून देण्याचा प्रश्न तिकिटांच्या दरांशी निगडित असून, तो अद्याप सुटलेला नाही.